अणुभट्टीच्या इंधनातली उष्णता : परिस्थिती बदलते तेव्हा नेमकं काय होतं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारापूर, काक्रापार, नरोरा, रावतभाटा, कैगा, कल्पाक्कम. भारतात वीज देणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या (म्हणजे ज्या पाण्यात हायड्रोजनचा जड प्रकार असतो त्याच्या) आहेत आणि त्यांच्या इंधनाची घडण जवळपास सारखीच आहे. इथली उत्तरं मुख्यतः त्या इंधनाला धरून दिली आहेत. दुसऱ्या प्रकारच्या भट्टीचा संदर्भ असेल तिथे तसं सांगितलं आहे. मराठीत अणुऊर्जेवर वाद झाला की किरणोत्सारावर भरपूर बोललं जातं आणि उष्णतेवर फारच थोडं. मला ही मोठी उणीव वाटते. आजवरच्या मोठ्या अपघातांत किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडलं ते इंधनातली उष्णता वेळेवर बाहेर नेता आली नाही म्हणून.

इंधन दिसतं कसं, आणि उष्णता कुठे तयार होते?

इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या काळ्या, दंडगोल गोळ्या. चिनीमातीच्या भांड्यांप्रमाणे याही उच्च तापमानाला भाजून घट्ट केलेल्या असतात. अशा गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या पातळ नळीत एकापुढे एक भरतात आणि नळीची दोन्ही टोकं वितळजोडाने बंद करतात. या नळीला आवरण म्हणू. तिची जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर असते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांत अशा ३७ नळ्यांचं एक बंडल होतं. ते सुमारे अर्धा मीटर लांब असतं. बंडलं ज्या आडव्या नळ्यांत ओळीने बसतात आणि ज्यांतून पाणी वाहतं त्यांना वाहिन्या म्हणतात. एका वाहिनीत १३ बंडल आणि भट्टीत ३९२ वाहिन्या, म्हणजे एका वेळी ५,०९६ बंडल आत असतात. २२० मेगावॅटच्या जुन्या भट्ट्यांत बंडलमध्ये १९ नळ्या असतात. ही बंडलं हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतात.

युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे प्रचंड वेगाने निघतात, पण मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा पुरता न ओलांडता गोळीतच अडकतात. अणू फुटण्याच्या या क्रियेला विखंडन म्हणतात. विखंडनातल्या ऊर्जेचा ८० टक्क्यांहून जास्त वाटा या तुकड्यांच्या वेगात असतो. त्यामुळे उष्णता गोळीच्या कणाकणात जन्मते. तिथून ती गोळीच्या पृष्ठभागाकडे, मग आवरणातून आणि शेवटी जड पाण्यात जाते. एवढाच तिचा रस्ता. पुढचे सगळे प्रश्न या रस्त्यावर उष्णता कुठे अडते आणि किती वेळ अडते याचे आहेत.

बाहेर पाणी ३०० अंशांचं, तर गोळीच्या मध्यभागी दीड हजार अंश कसे?

कारण युरेनियम डायऑक्साइडमधून उष्णता फार संथ जाते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, झिर्कोनियमच्या आवरणाची १५च्या आसपास. युरेनियम डायऑक्साइडची मात्र साध्या तापमानाला ८च्या आसपास आणि हजार-दीड हजार अंशांवर अडीच-तीन. गोळी जितकी तापेल तितकी तिची वाहकता उतरते. अगदी वरच्या तापमानाला ती पुन्हा थोडी चढते, पण नेहमीच्या कामात तिथवर जायचंच नसतं.

आता एक हिशेब करू. सर्वांत जास्त भार असलेल्या नळीत मीटरमागे ४० किलोवॅट उष्णता तयार होते असं धरा, आणि वाहकता सरासरी ३. गोळीचं केंद्र आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक म्हणजे मीटरमागची शक्ती भागिले (४ × π × वाहकता). उत्तर येतं सुमारे १,०६० अंश. पृष्ठभाग ४५० अंशांवर असेल तर केंद्र दीड हजारावर. केंद्रापासून कडेपर्यंतच्या सहा मिलिमीटरमध्ये हजार अंशांचा उतार! युरेनियम डायऑक्साइड सुमारे २,८५० अंशांना वितळतं, म्हणजे बरंच अंतर हाताशी राहतं. पण एवढा उतार ठिसूळ गोळीला सोसत नाही. भट्टी पहिल्यांदा पूर्ण शक्तीवर नेताच गोळ्यांना तडे जातात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि रचनेत धरलेलं असतं.

मग गोळ्या बारीक का करत नाहीत?

वरच्या सूत्रात गोळीचा व्यास कुठे आलाच नाही, हे लक्षात आलं का? मीटरमागची शक्ती तीच ठेवली तर गोळी जाड असो की बारीक, केंद्र आणि पृष्ठभाग यांतला फरक तेवढाच राहतो. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा पटत नाही, म्हणून सूत्र स्वतः मांडून बघावं. बारीक गोळ्यांचा फायदा वेगळ्या वाटेने मिळतो. १९ऐवजी ३७ नळ्या घेतल्या की तीच उष्णता जास्त लांबीवर वाटली जाते, मीटरमागचा भार उतरतो आणि मग केंद्राचं तापमान उतरतं. व्यासाचा थेट परिणाम होतो तो वेळेवर. तो पुढे येतोच.

धातूचं युरेनियम का वापरत नाहीत? त्यातून उष्णता पटकन बाहेर जाईल.

जाईलच. धातूरूप युरेनियमची वाहकता ऑक्साइडच्या सुमारे दहा पट आहे. तुर्भ्याची १०० मेगावॅटची संशोधन भट्टी ध्रुव, जी १९८५मध्ये सुरू झाली, ती ॲल्युमिनियमच्या आवरणातल्या धातूरूप युरेनियमवरच चालते. पण तिचं शीतक-पाणी, म्हणजे इंधनाची उष्णता उचलणारं पाणी, वीजनिर्मितीच्या मानाने थंड असतं. धातू युरेनियम १,१३२ अंशांना वितळतं, सुमारे ६७० अंशांना त्याची स्फटिकरचना बदलते, विखंडनाने ते फुगतं आणि आवरणाला भोक पडलं तर गरम पाण्याशी त्याची जोरात अभिक्रिया होते. ऑक्साइड उष्णता अडवतं, पण ते वितळायला फार वर जावं लागतं आणि पाण्याशी त्याचं वैर नाही. वीजभट्टीसाठी हाच व्यवहार पदरात पाडून घेतला आहे.

‘बदलती परिस्थिती’ म्हणजे कोणत्या घटना?

भट्टी सुरू करणं, शक्ती वाढवणं-घटवणं, चालू भट्टीत नवं इंधन सारणं हे रोजचे बदल. पंप बंद पडणं, टर्बाइन अचानक थांबणं, ग्रिड जाणं हे अधूनमधून होणारे. शीतकाची नळी फुटणं किंवा शक्ती आवाक्याबाहेर उसळणं हे विरळा, पण रचना करताना सर्वांत जास्त विचार त्यांचाच होतो. अभियंते या सगळ्यांना मिळून ट्रान्झिएंट म्हणतात. स्थिर चालणाऱ्या भट्टीत जेवढी उष्णता तयार होते तेवढीच बाहेर जाते. ट्रान्झिएंटमध्ये हे दोन आकडे जुळत नाहीत आणि त्यांच्यातला फरक इंधनात साठतो किंवा इंधनातून निघतो.

शक्ती एकदम वाढली तर ती पाण्याला कळायला किती वेळ लागतो?

काही सेकंद. वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्णतेने भागलं की उष्णता पसरण्याचा वेग मिळतो. तापलेल्या युरेनियम डायऑक्साइडसाठी तो सेकंदाला सुमारे एक चौरस मिलिमीटर येतो, लक्षात ठेवायला सोपा. गोळीच्या त्रिज्येचा वर्ग घ्या आणि त्याला या वेगाच्या सुमारे सहापटीने भागा. त्रिज्या ६ मिलिमीटर असेल तर ३६ भागिले ६, म्हणजे सहा सेकंद. बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पृष्ठभागापर्यंत पोचायला लागणारा हा वेळ. १९ नळ्यांच्या बंडलमधली गोळी सात मिलिमीटरहून थोड्या जास्त त्रिज्येची असते, म्हणून तिला आठ-नऊ सेकंद लागतात. जगात बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या दाबाखालच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांतल्या बारीक गोळीला त्याच्या निम्म्याहून कमी. आवरण इतकं पातळ आणि त्या मानाने इतकं वाहक आहे की ते सेकंदाच्या काही शतांशात जुळवून घेतं.

या विलंबामुळे भट्टीच्या सुरक्षेसाठी नुसत्या पाण्याच्या तापमानावर विसंबता येत नाही. पाणी तापल्याचं मापक दाखवेल तोवर गोळीच्या आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणून न्यूट्रॉनची, म्हणजे युरेनियमचे अणू फोडणाऱ्या कणांची, संख्या आणि ती वाढण्याचा वेग थेट मोजतात आणि त्यावरून भट्टी बंद करण्याचा आदेश आपोआप निघतो.

गोळी आणि आवरण यांच्यात फट असते का? तिने काय फरक पडतो?

पुष्कळ. साध्या पाण्याच्या भट्ट्यांत नव्या नळीत गोळी आणि आवरण यांच्यामध्ये केसाहून बारीक फट असते आणि तीत हेलियम भरलेला असतो, कारण वायूंमध्ये तो उष्णता चांगली वाहतो. भट्टी चालू लागली की विखंडनातून झेनॉन आणि क्रिप्टॉन तयार होतात आणि त्यातला थोडा वायू गोळीतून सुटून या फटीत येतो. झेनॉनची वाहकता हेलियमच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकी. म्हणजे वायू सुटला की फट उष्णतेला जास्त अडवते, गोळी आणखी तापते आणि आणखी वायू सुटतो.

आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत आवरण मुद्दाम इतकं पातळ ठेवतात की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते गोळीवर चिकटून बसतं. फट जवळपास नाहीशी होते. हा मला या इंधनातला फार देखणा निर्णय वाटतो. आवरण पातळ असल्याने न्यूट्रॉन कमी वाया जातात, नैसर्गिक युरेनियमवर भट्टी चालवणं परवडतं आणि उष्णतेचा रस्ताही मोकळा होतो.

शक्ती बदलताना ही फट स्थिर राहत नाही. गोळी तापून फुगली की फट मिटते, गोळी थंड झाली की उघडते. ट्रान्झिएंटचा हिशेब करणाऱ्याला सर्वांत जास्त घाम फोडणारा आकडा हाच.

इंधन तापलं की भट्टीची शक्ती आपोआप उतरते, हे खरं का?

खरं आहे. इंधनात बहुतांश असतं ते युरेनियम-२३८, नैसर्गिक युरेनियममध्ये ९९.३ टक्के. ते तापलं की त्याचे अणू जास्त थरथरतात आणि आणखी न्यूट्रॉन गिळू लागतात. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. त्याचं मोल त्याच्या तत्परतेत आहे. उष्णता ज्या गोळीत जन्मते त्याच गोळीत हा लगाम असतो, त्यामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही. शक्ती मिलिसेकंदांत उसळली तर गोळीतून काहीच बाहेर पडायला वेळ नसतो. सगळी उष्णता जिथे जन्मली तिथेच साठते आणि लगाम लगेच लागतो.

पण त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही. डॉप्लर उसळीचं टोक छाटतो, साठलेली उष्णता बाहेर नेत नाही. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ रोजी पाण्याची वाफ होताच शक्ती वाढत गेली. डॉप्लर तिला वेळेवर आवरू शकला नाही. इंधनाचे तुकडे झाले, ते पाण्यात मिसळले आणि सेकंदाच्या अंशात एवढी उष्णता पाण्याला मिळाली की वाफेच्या दाबाने भट्टी फुटली.

आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतही वाहिनीतल्या पाण्याची वाफ झाली की शक्ती वाढण्याकडे कल असतो. हे कुणी लपवून ठेवलेलं नाही, आणि लपवूही नये. म्हणूनच तारापूर ३ आणि ४मध्ये भट्टी बंद करण्याच्या दोन वेगवान, एकमेकींपासून स्वतंत्र प्रणाली आहेत. एक न्यूट्रॉन गिळणाऱ्या कॅडमियमच्या दांड्यांची, जी दोन-तीन सेकंदांत काम उरकते, आणि दुसरी तसंच न्यूट्रॉन गिळणारं गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण जोराने आत सोडणारी. शिवाय जड पाण्यात न्यूट्रॉन जास्त काळ भटकतो, त्यामुळे उसळीचा वेगही मंद असतो.

भट्टी बंद केली की उष्णता थांबते का?

नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज याच प्रश्नाबद्दल आहे, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, साठलेली उष्णता. चालू भट्टीत इंधन सरासरीने पाण्याहून तीनशेहून जास्त अंशांनी तापलेलं असतं. किलोमागे अंशाला सुमारे ३०० ज्यूल धरले, तर प्रत्येक किलो इंधनात लाखभर ज्यूल जास्तीचे साठलेले आहेत. तारापूर ३ची भट्टी पूर्ण शक्तीवर साधारण सहा सेकंदांत जेवढी उष्णता तयार करते, तेवढी ही होते. विखंडन थांबलं तरी ती बाहेर यायचीच.

दुसरी, क्षयउष्णता. विखंडनातून झालेली शेकडो प्रकारची अणुकेंद्रकं अस्थिर असतात आणि क्षय होताना उष्णता देत राहतात. त्यांना कुठलीही दांडी थांबवू शकत नाही. दीर्घकाळ चाललेली भट्टी बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या जरा खाली, दिवसाने अर्धा टक्का किंवा किंचित जास्त. तारापूर ३ किंवा ४ची भट्टी वीज देते ५४० मेगावॅट, पण तिची उष्णताशक्ती सतराशे मेगावॅटच्या घरात आहे. म्हणजे बंद होताच सुमारे १२० मेगावॅट, तासाने २४च्या आसपास आणि दुसऱ्या दिवशीही नऊ-दहा मेगावॅट उष्णता काढत राहावी लागते.

फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. इंधन वितळलं ते त्यानंतर, त्सुनामीने वीज गेल्यावर, या काही टक्क्यांपायी. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ रोजीही भट्टी आधी बंद झाली होती आणि इंधनाची नासधूस पुढच्या काही तासांत झाली.

पाणी कमी पडलं तर इंधनात आधी काय तापतं?

आवरण. आणि त्याच वेळी गोळीचं केंद्र थंड होत असतं! हे ऐकून लोक थबकतात, पण ट्रान्झिएंटमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

मघाची नळी परत घ्या : केंद्र दीड हजार अंश, पृष्ठभाग ४५०, आवरण ३२०च्या आसपास, पाणी ३००. हा सगळा उतार टिकून होता तो आतून उष्णता येत होती आणि बाहेर पाणी ती उचलत होतं म्हणून. आता शीतकाची नळी फुटली, पाणी निघून गेलं आणि भट्टी बंद झाली. आतून येणारी उष्णता सहा-सात टक्क्यांवर आली, बाहेर उचलणारं कुणी नाही. मग केंद्रातली उष्णता कडेकडे सरकते आणि सगळी गोळी एका तापमानाला येऊ लागते. केंद्र आणि पृष्ठभाग यांच्या मधलं तापमान साधारण साडेनऊशे. म्हणजे नवी उष्णता जराही न घालता, दहा-पंधरा सेकंदांत आवरण ३२०वरून नऊशेच्या दिशेने निघतं. आधी साठवलेली उष्णताच त्याला तिथे नेते.

त्यानंतर क्षयउष्णतेची पाळी. पाण्याचा थेंबही पोचत नाही असं धरलं तर या नळीचं तापमान सुरुवातीला सेकंदाला सहा-सात अंशांनी चढतं. प्रत्यक्षात वाफ काही उष्णता नेते, म्हणून चढ याहून मंद असतो. पण आपत्कालीन पाणी मिनिटांच्या आत का पोचावं लागतं ते या आकड्यांवरून कळतं. काक्रापारच्या पहिल्या भट्टीत ११ मार्च २०१६ रोजी शीतक-वाहिनीतून गळती झाली तेव्हा भट्टी आपोआप बंद झाली आणि आपत्कालीन शीतन प्रणालीनेही तिचं काम केलं. गळती लहान होती, पण क्रम हाच.

पाणी आहे, पण उकळू लागलं तर?

साधं उकळणं वाईट नाही. बुडबुडे सुटताना उष्णता उलट जास्त जोमाने उचलली जाते. अडचण त्यापुढे सुरू होते. आंबोळीसाठी तापवलेल्या तव्यावर पाणी शिंपडा : तवा बेताचा गरम असेल तर थेंब चर्रकन उडून जातो, फार तापला असेल तर थेंब वाफेच्या गादीवर बराच वेळ नाचत राहतो. इंधनाच्या नळीवर उष्णतेचा भार एका मर्यादेपुढे गेला की तिच्याभोवतीही अशीच वाफेची पातळ चादर बसते. पाणी शेजारी असूनही नळीला शिवत नाही, आणि आवरणाचं तापमान क्षणात शेकडो अंशांनी वर जातं. जपानच्या शिरो नुकियामा यांनी १९३४मध्ये तापलेल्या तारेवर हे वागणं मोजून दाखवलं. आजही भट्टीची कमाल शक्ती ठरवताना या मर्यादेपासून किती अंतर राखायचं ते आधी पाहतात.

१,२०४ अंश हा आकडा सारखा दिसतो. तो कुठून आला?

फॅरनहाइटमधल्या २,२०० अंशांचं हे रूपांतर. अमेरिकेच्या नियामकांनी १९७०च्या दशकात साध्या पाण्याच्या भट्ट्यांसाठी नियम केला : शीतक निसटण्याच्या अपघातातही आवरणाचं तापमान याच्या वर जाता कामा नये, आणि आवरणाचं ऑक्सिडीकरण जाडीच्या १७ टक्क्यांपलीकडे नको.

कारण झिर्कोनियम आणि वाफ यांची अभिक्रिया. ती उष्णता देते, एक किलो झिर्कोनियममागे सुमारे ६५ लाख ज्यूल, आणि तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. बाराशे अंशांच्या पुढे ती स्वतःलाच तापवू लागते. सोबत हायड्रोजन सुटतो. फुकुशिमात इमारती उडाल्या त्या याच हायड्रोजनने. त्याच्या बरंच आधी, ७०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात, मऊ झालेलं आवरण आतल्या वायूच्या दाबाने फुगतं आणि फुटू शकतं, कारण बाहेरचा दाब तोवर उतरलेला असतो. आणि ऑक्सिडीकरणाने ठिसूळ झालेल्या आवरणावर शेवटी थंड पाणी आलं तर त्या धक्क्याने ते तडकण्याची भीती. १७ टक्क्यांची मर्यादा त्यासाठी.

पंपच चालले नाहीत तर? भारतात असं कधी झालंय?

झालंय. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे नरोऱ्याच्या पहिल्या भट्टीत टर्बाइनची दोन पाती तुटली. असंतुलनाने जनित्राला थंड ठेवणारा हायड्रोजन गळून पेटला, आग केबलांमधून पसरली आणि आपत्कालीन डिझेल जनित्रांची वीजही भट्टीपर्यंत पोचेना. नियंत्रण कक्षात धूर शिरला. सुमारे सतरा तास केंद्र पूर्ण अंधारात होतं.

चालकांनी भट्टी मिनिटभराच्या आत बंद केली होती. मग क्षयउष्णतेचं काय? जड पाण्याच्या भट्टीत वाफजनित्रं, म्हणजे इंधनाकडून आलेल्या गरम पाण्याने दुसऱ्या बाजूच्या साध्या पाण्याची वाफ करणारी पात्रं, इंधनाच्या वाहिन्यांहून बऱ्याच उंचीवर असतात. इंधनाशी तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, वाफजनित्रात थंड होऊन जड होतं आणि खाली उतरतं. पंपाशिवाय चालणाऱ्या या अभिसरणाने इंधनातली उष्णता वरपर्यंत जात राहिली. वाफजनित्रांच्या दुसऱ्या बाजूला पाणी घालणं तेवढं बाकी होतं, आणि ते चालकांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी घातलं. भट्टी थंड होताना पुन्हा सजीव होऊ नये म्हणून त्यांनी हाताने न्यूट्रॉन गिळणाऱ्या बोरॉनचं द्रावण सोडलं.

आकडे पाहिले की हे कसं जमलं ते कळतं. बंद होऊन तास झाला तेव्हा या भट्टीची क्षयउष्णता नऊ मेगावॅटच्या आसपास असणार. साधं पाणी वाफ होताना किलोमागे सव्वादोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता नेतं. म्हणजे सेकंदाला चार लिटर पाणी पुरे. आग विझवायच्या पंपाच्या आवाक्यातली ही गोष्ट. इंधनाला इजा झाली नाही. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली. त्या रात्री धुरात टॉर्च घेऊन झडपा उघडणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो. मराठीत त्यांच्याविषयी फारसं लिहिलं गेलं नाही, ते व्हायला हवं.

आपत्कालीन पाणीही आलं नाही तर जड पाण्याच्या भट्टीत आणखी काही आधार असतो का?

असतो, आणि तो या रचनेचा खास गुण आहे. इंधनाच्या वाहिन्या आडव्या, आणि त्या ज्या टाकीतून जातात त्या कॅलेंड्रियात वेगळं, थंड जड पाणी भरलेलं असतं, शंभर अंशांहून बरंच खाली. प्रत्येक वाहिनी म्हणजे एकात एक अशा दोन नळ्या. इंधन खूप तापलं की आतली दाबनळी, जिच्यात इंधन असतं, ती मऊ होऊन फुगते किंवा खाली झुकते आणि बाहेरच्या नळीला टेकते. टेकताच उष्णता टाकीतल्या पाण्यात जाऊ लागते. वाहिनी वाकडी होते, निकामी होते, पण इंधन वितळून खाली साचण्यापासून वाचण्याची चांगली शक्यता राहते. अर्थात टाकीतलं पाणीही थंड करत राहावं लागतंच.

चालू भट्टीत इंधन बदलताना नळ्या फुटत नाहीत का?

पूर्वी फुटत. जड पाण्याच्या भट्टीत वाहिनीच्या एका टोकाने नवी बंडलं सारतात आणि दुसऱ्या टोकाने जुनी काढतात. ढकलली जाताना कमी भाराच्या जागी असलेलं बंडल काही मिनिटांत जास्त भाराच्या जागी येतं. गोळी फुगते, आवरणाला आतून ताणते, आणि विखंडनातून आलेलं आयोडीन त्या ताणलेल्या जागी धातूला चिरतं. कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला असे दोष दिसले. उपाय म्हणून आवरणाला आतून ग्राफाइटचा पातळ लेप देऊ लागले आणि शक्ती किती उडीने वाढवायची याचे नियम झाले. आपल्याकडच्या बंडलांतही हा लेप असतो.

हे सगळं गणिताने कसं काढतात? विद्यार्थी करून पाहू शकतील का?

नक्की. समीकरण एका वाक्याचं आहे : गोळीच्या एखाद्या कड्यात उष्णता साठण्याचा दर म्हणजे तिथे तयार होणारी उष्णता, अधिक आतून येणारी, वजा बाहेर जाणारी. गोळीची दहा कडी करा, प्रत्येकाला तापमान द्या, वेळ थोडा थोडा पुढे सरकवा. सहा मिलिमीटरची दहा कडी केली तर प्रत्येक ०.६ मिलिमीटरचं. या साध्या पद्धतीत वेळेचं पाऊल कड्याच्या जाडीच्या वर्गाला उष्णता पसरण्याच्या वेगाच्या दुपटीने भागून येतं त्याहून मोठं चालत नाही, म्हणजे सुमारे ०.१८ सेकंद. त्याहून मोठं घेतलंत तर आकडे वेडेवाकडे उड्या मारू लागतात. स्प्रेडशीटवर एका संध्याकाळी होण्यासारखं काम आहे. भौतिकशास्त्राच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने ते करावं असं मला वाटतं. पाणी काढून घेतल्यावर केंद्र उतरतंय आणि कड चढतेय हे स्वतःच्या पडद्यावर बघण्यासारखं दुसरं शिक्षण नाही.

खऱ्या कामासाठीचे फ्रॅपट्रानसारखे संगणकप्रणाल याच कल्पनेवर उभे असतात. त्यांत तापमानाबरोबर बदलणारी वाहकता, मिटणारी-उघडणारी फट, फुगणारं आवरण, ऑक्सिडीकरण हे सगळं जोडलेलं असतं. पाण्याची बाजू रिलॅपसारखा दुसरा प्रणाल सांभाळतो. पण प्रणालाला पारखायला प्रयोगच लागतात. अमेरिकेच्या आयडाहोत लॉफ्ट ही छोटी भट्टी मुद्दाम शीतक गमावण्याच्या प्रयोगांसाठी बांधली होती. फ्रान्सची कॅब्री आणि जपानची एनएसआरआर शक्तीच्या उसळीचे प्रयोग करतात. आयडाहोचीच ट्रीट १९५९पासून चालत होती, १९९४मध्ये थांबली आणि २०१७मध्ये पुन्हा सुरू झाली.

वापरून झालेलं बंडल किती काळ गरम राहतं?

भट्टीतून काढताच त्याला पाण्याखालीच ठेवावं लागतं. पण ओसरणं जलद असतं. वर्षभराने जड पाण्याच्या भट्टीचं एक बंडल शंभर वॅटच्या आत उष्णता देतं, दहा वर्षांनी दहा वॅटहूनही कमी. इतक्या थोड्या उष्णतेला हवा पुरते, म्हणून काही वर्षं पाण्यात काढल्यावर ही बंडलं काँक्रीटच्या कोरड्या पेट्यांत ठेवता येतात. रावतभाट्याला तसं केलं आहे. भारतात वापरलेलं इंधन टाकून न देता त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याचं धोरण आहे. तारापूरला आणि कल्पाक्कमला त्यासाठीचे कारखाने आहेत, आणि तिथे बंडल कापायला घेण्याआधीही ते पुरेसं निवलं आहे का हेच पाहिलं जातं.